अर्धी फी माफ की पूर्ण शिष्यवृत्तीची वाट? आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एलएलएमचं एक प्रकरण

हे प्रकरण परदेशात एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, करायला निघालेल्या एका तरुण वकिलाचं आहे. तिचं नाव, मायदेश, विद्यापीठ आणि जिथे तिने इंटर्नशिप केली ती संस्था, हे सगळं मुद्दाम गाळलं आहे. वर्षं आणि नियम मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण यातले बहुतेक पेच तारखांनीच घातले. अर्जाच्या काळात आणि पुढेही ती ज्या दोन-तीन जणांचा सल्ला घेत होती, त्यांतला मी एक.

पार्श्वभूमी

कॉमन लॉ परंपरेच्या, म्हणजे वरच्या न्यायालयांचे जुने निकाल कायद्यासारखे पाळणाऱ्या, एका देशात तिची वकिलीची चार वर्षं झाली होती. पहिली दीडेक वर्षं कनिष्ठ न्यायालयात तारखा सांभाळण्यात गेली. उरलेली एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये. तिथलं काम बांधकाम कंत्राटांच्या लवादाचं: रस्ता उशिरा का झाला, वाढीव खर्च कुणाच्या माथी, अभियंत्याने पाठवलेलं पत्र नोटीस ठरतं की नाही. खोकी भरून कागद वाचायचे, त्यातून घटनाक्रम काढायचा, साक्षीदाराचं शपथपत्र बेतायचं. काम रुक्ष होतं आणि ती ते चांगलं करायची.

ओढ मात्र दुसरीकडे होती. कॉलेजात ती जेसप मूट कोर्टच्या संघात होती. दोन काल्पनिक देशांचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे चालवायचा, अशी ही १९६०पासूनची स्पर्धा. जगभरच्या कितीतरी वकिलांना या विषयाचा नाद तिथेच लागतो, तसा तिलाही लागला होता. पदवीचे गुण चांगले होते, पण वर्गात पहिल्या काही जणांत येण्याइतके नव्हते. घरून थोडी मदत मिळणार होती. उरलेल्यासाठी कर्ज काढता आलं असतं, पण ते फेडायला पगाराशिवाय दुसरा आधार नव्हता.

अडचण

"सर, मला आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम करायचंय," असं तिने २०२२च्या मध्यावर सांगितलं. अडचण या वाक्यातच होती. आंतरराष्ट्रीय कायदा हा एक विषय असला तरी तो एक व्यवसाय नाही. परराष्ट्र खात्याचा कायदा विभाग, संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं, मानवी हक्कांच्या संस्था, फौजदारी न्यायाधिकरणं, देश आणि परदेशी गुंतवणूकदार यांच्यातले लवाद, विद्यापीठातलं अध्यापन: यांतल्या प्रत्येकाची दारं वेगळी आणि प्रत्येकाला चालणारी पदवीही थोडी वेगळी. तिच्या मनात तेव्हा आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा होता. त्या क्षेत्राचं आकर्षण मोठं आहे, पण रवांडासाठीचं न्यायाधिकरण २०१५मध्ये आणि युगोस्लाव्हियासाठीचं २०१७मध्ये बंद झालं. जिथे एकेकाळी तरुण वकिलांची फौज लागायची तिथलं उरलंसुरलं काम एका छोट्या यंत्रणेकडे गेलं. हेगमधलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे, पण एका न्यायालयात जागा असून असून किती असणार?

म्हणून तिला एक साधं काम दिलं. पदवी हातात आल्यावर दोन वर्षांनी आपण कुठल्या टेबलाशी बसलेलो असू, अशी तीन टेबलं लिहून आणायची, आणि प्रत्येकापुढे आज आपल्याकडे त्यासाठी काय आहे तेही लिहायचं. फौजदारी न्यायालयापुढे तिने लिहिलं: "आवड." संयुक्त राष्ट्रांपुढे: "मूट कोर्ट." गुंतवणूक लवादापुढे मात्र पाऊण पान भरलं. तिला ते आवडलं नाही. बांधकामाच्या फायलींतून सुटण्यासाठीच तर परदेशी जायचं होतं!

तरीही अर्ज त्या पाऊण पानाच्या आधारावर गेले. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हा पाया, आणि वाद-निवारणाचे विषय जिथे चांगले शिकवले जातात अशी विद्यापीठं. मार्च २०२३पर्यंत तीन ठिकाणांहून होकार आले आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली.

समोरचे पर्याय

अमेरिका आधीच बाजूला पडली होती. तिथे खर्च सर्वांत जास्त होता. न्यूयॉर्कच्या बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षा देण्यासाठी अनेक परदेशी वकिलांना २४ क्रेडिटचं एलएलएम करावं लागतं आणि त्यात अमेरिकी कायद्याचे ठरावीक विषय घ्यावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये वकिली करायची असेल तर तो सौदा चांगला आहे. जिला आंतरराष्ट्रीय कायदाच शिकायचाय तिचं अर्धं वर्ष मात्र त्यात निघून जातं.

जिनिव्हाचा पर्याय विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत नेमका होता. वाद-निवारणाला वाहिलेला अभ्यासक्रम, शहरभर आंतरराष्ट्रीय संस्था, शिकवायला येणारे स्वतः लवाद चालवणारे. पण प्रवेशाबरोबर एक फ्रँकही मदत नव्हती आणि जिनिव्हात राहण्याचा खर्चही जड होतो. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या पदवीधराला नोकरी शोधायला सहाच महिने मिळतात. तिने दोन रात्री हिशेब मांडून हा पर्याय सोडला.

उरले दोन, आणि ताण सगळा या दोहोंत.

लंडनमधलं विद्यापीठ नावाने मोठं. तिथल्या एलएलएमची रचना अशी की विषयांची लांबलचक यादी असते आणि विद्यार्थी स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतो. वर्ग मोठे. फी माफी नाही. पण तिने ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता, मुलाखतही झाली होती. ही शिष्यवृत्ती मिळाली तर फी, प्रवास आणि दरमहाचा भत्ता सगळंच भागतं. अर्ज करायला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, तो तिच्याकडे होता. अट मोठी एकच: पदवी झाली की मायदेशी परतायचं आणि किमान दोन वर्षं तिथेच राहायचं. निकाल जूनमध्ये लागणार होता. विद्यापीठाला डिपॉझिट मात्र एप्रिलअखेर हवं होतं.

नेदरलँड्समधला अभ्यासक्रम सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्याचा, छोट्या वर्गाचा, ६० क्रेडिटचा. तिथे एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे वर्षाला १,६८० तास. हे आकडे कागदावरचे असतात असं वाटत असेल तर तिच्या पहिल्या सत्राचं वेळापत्रक बघायला हवं होतं. विद्यापीठाने जवळपास अर्धी फी माफ केली होती. उत्तर मेच्या मध्यापर्यंत द्यायचं होतं. हेग ट्रामच्या अंतरावर, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय, कायमस्वरूपी लवाद न्यायालय आणि ही दोन्ही जिथे आहेत त्या पीस पॅलेसचं ग्रंथालय रोजच्या आवाक्यात. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत अर्ज केला तर एका वर्षाचा खास परवाना मिळतो. त्यावर कुठेही काम करता येतं आणि मालकाला वेगळी परवानगी काढावी लागत नाही.

चौथा पर्यायही होता आणि तो तिने फार लवकर नाकारला असं माझं मत आहे: वर्षभर थांबायचं. हेग अकॅडमीच्या उन्हाळी वर्गाला अर्ज करायचा. पीस पॅलेसमध्येच भरणारा हा तीन आठवड्यांचा वर्ग आहे आणि त्याला शिष्यवृत्त्याही असतात. संयुक्त राष्ट्रांच्या दृक्‌श्राव्य ग्रंथालयातली व्याख्यानं तर २००८पासून सर्वांना फुकट आहेत. या दोन्हींतून विषयाची चव घेऊन पुढच्या वर्षी अधिक नेमका अर्ज करता आला असता. तिचं उत्तर ठाम होतं: फर्ममध्ये आणखी एक वर्ष काढलं तर आपण जाणारच नाही. माणूस स्वतःला ओळखत असेल तर असल्या उत्तरापुढे वाद घालू नये.

पहिला निर्णय: हातातली अर्धी की लांबची पूर्ण

प्रश्न पैशांचा दिसत होता, पण घोळ माहितीच्या क्रमाचा होता. जे निश्चित होतं त्याची मुदत आधी संपत होती आणि जे अनिश्चित होतं त्याचा निकाल नंतर येणार होता. आम्ही तिला आधी मुदतीच हलवून बघायला सांगितलं. लंडनला तिने पत्र लिहिलं: शिष्यवृत्तीचा निकाल जूनमध्ये आहे, डिपॉझिटची मुदत वाढवून मिळेल का? मुदत वाढली. असं पत्र लिहायला अनेक जण कचरतात, वाटतं की प्रवेशच रद्द करतील. शिष्यवृत्तीची वाट बघणारे विद्यार्थी प्रवेश कार्यालयांना नवे नसतात. नेदरलँड्सकडेही तिने मुदत मागितली, तिथून नम्र नकार आला. फी माफीची रक्कम ठरलेली असते आणि एकाने सोडली तर ती यादीतल्या पुढच्याला जाते, असं कारण दिलं गेलं. ते पटण्यासारखं होतं.

मग मेमध्ये तिने तीन कोष्टकं केली: चीव्हनिंग मिळाली तर, न मिळता लंडनला कर्जावर गेलं तर, आणि अर्ध्या फीवर नेदरलँड्सला गेलं तर. दुसऱ्या कोष्टकातलं कर्ज फेडायला लागणारा पगार तिच्या फर्ममध्ये तिच्यापेक्षा बऱ्याच ज्येष्ठ वकिलांचा होता. म्हणजे लंडन हा पर्याय शिष्यवृत्तीसकटच पर्याय होता, एरवी नव्हता. हे एकदा कागदावर दिसल्यावर गोष्ट बरीच सोपी झाली.

तिने नेदरलँड्सला होकार कळवला. कारण सांगितलं ते असं: चीव्हनिंगच्या अटीमुळे लगेच परतावं लागेल, आणि मला हेगमध्ये काम करून बघायचंय. जूनमध्ये शिष्यवृत्तीच्या राखीव यादीत तिचं नाव आलं. तोवर फीचा पहिला हप्ता आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम विद्यापीठाकडे जमा झाली होती. तिथे निवास परवान्याचा अर्ज विद्यापीठच करतं आणि त्यासाठी ही रक्कम आधी दाखवावी लागते. तिने राखीव यादीतून नाव काढून घेतलं. तिच्या ओळखीतल्या काहींनी याला वेडेपणा म्हटलं.

मला निर्णय बरोबर वाटला, पण तिने दिलेल्या कारणासाठी नाही. परतण्याची अट ही खरी अडचण नव्हती, आणि ते पुढे दिसलंच. बरोबर होतं ते हे की मेच्या त्या दिवशी तिच्या हातात एकच गोष्ट होती, आणि ती सोडून न मिळालेल्या गोष्टीवर वर्ष लावण्याइतकी तिची ऐपत नव्हती.

पहिलं सत्र

सप्टेंबरमध्ये पोहोचल्यावर पहिला धक्का वेळापत्रकाने दिला. ज्या प्राध्यापकांचं नाव बघून तिने हा अभ्यासक्रम निवडला होता ते त्या वर्षी संशोधन रजेवर होते. त्यांचा विषय दुसरे कुणी शिकवत होते. नव्या शिक्षकांबद्दल तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, पण प्रबंधासाठी तिने मनात धरलेला मार्गदर्शक गेला.

दुसरा धक्का जास्त कामाचा ठरला. पहिला मोठा निबंध होता रूढिजन्य कायद्यावर, म्हणजे लेखी कराराविना देशांच्या वर्तनातून तयार होणाऱ्या कायद्यावर. सीमेपलीकडे परिणाम होऊ शकणाऱ्या प्रकल्पाआधी पर्यावरणीय परिणामांचं मूल्यांकन करणं हे सर्व देशांवर बंधनकारक आहे का? तिने झकास लिहिलं, निदान तिला तसं वाटलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पल्प मिल्स खटल्यात, अर्जेंटिना विरुद्ध उरुग्वे, २०१०मध्ये म्हटलंय की असं मूल्यांकन आता सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याची आवश्यकता मानता येईल; म्हणून ते बंधनकारक आहे; म्हणून पुढचं सगळं. दहापैकी साडेसहा गुण आले. डच पद्धतीत हे उत्तीर्णच आहे, पण चार वर्षं न्यायालयात लिहिलेल्या माणसाला ते झोंबलं.

शेरा छोटा होता. न्यायालयाने हे विधान करताना देशांच्या वर्तनाचा कोणता पुरावा दिला? तिने निकाल पुन्हा वाचला. पुरावा फारसा नव्हता. आणि तिथे तिच्या लक्षात आलं की आपण मायदेशातल्या सवयीने वाचत होतो. वरच्या न्यायालयाने म्हटलं की संपलं, ही कॉमन लॉ वकिलाची सवय. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीतलं, ५९वं कलम सांगतं की निकाल फक्त त्या खटल्यातल्या पक्षांना आणि त्या खटल्यापुरताच बंधनकारक असतो. ३८व्या कलमात न्यायनिर्णयांची जागा कायदा ठरवण्याचं दुय्यम साधन अशी आहे. प्रत्यक्षात ते न्यायालय स्वतःच्या जुन्या निकालांना सहसा सोडत नाही, वकीलही त्यांवरच भिस्त ठेवतात. पण रूढी सिद्ध करायची तर देश प्रत्यक्षात काय करतात आणि ते बंधन म्हणून करतात का, हे दोन्ही दाखवावं लागतं. १९६९च्या नॉर्थ सी खटल्यापासून हे सांगितलं गेलंय आणि संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१८मध्ये त्यावर सोळा निष्कर्ष मांडलेत.

हा भाग मी लांबवतोय, कारण वकिली करून या पदवीला येणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. वकील एका बाजूने लिहायला शिकलेला असतो. इथे परीक्षकाला दोन्ही बाजू हव्या असतात, आणि शेवटी तुमचं मत हवं असतं. तेही पुराव्याचं वजन करून. तिच्या बाबतीत गंमत अशी की वजन करायची सवय तिला होतीच. बांधकामाच्या लवादात रस्ता उशिरा का झाला हे ठरवताना ती पत्रं, बैठकांची इतिवृत्तं आणि नोंदवह्या समोर ठेवूनच बोलायची. कुणी काय केलं आणि ते बांधील समजून केलं का, हा प्रश्न तिच्या रोजच्या कामातला होता. पुढच्या निबंधात तिने बावीस देशांचे पर्यावरण कायदे उघडून बघितले. तेव्हा शेरे बदलले.

जानेवारी २०२४मध्ये गाझातल्या युद्धावरून झालेल्या दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल खटल्यातल्या तातडीच्या उपायांवर हेगमध्ये सुनावणी झाली. आत जागा मिळणं अवघडच होतं, तिने ती वर्गात बसून थेट प्रक्षेपणावर बघितली. शिक्षकांनी पुढचे दोन तास फक्त एकाच गोष्टीवर घेतले: तातडीचे उपाय मागताना काय सिद्ध करावं लागतं आणि काय लागत नाही. वर्गात मतभेद होते, आवाज चढले. तरी २६ जानेवारीचा आदेश आला तेव्हा सगळ्यांनी तो आधी वाचला आणि मग बोलले, असं ती सांगते.

प्रबंधाचा विषय

फेब्रुवारीत विषय द्यायचा होता. मार्च २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने हवामान बदलावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सल्लागार मत मागितलं होतं आणि समुद्री कायद्याच्या हँबुर्गमधल्या न्यायाधिकरणापुढेही तसाच प्रश्न होता. वर्गातल्या बऱ्याच जणांना त्यावरच लिहायचं होतं, तिलाही. विषय मोठा, ताजा, अर्जात शोभेल असा.

पर्याय दुसरा होता, आणि तो तिच्या जुन्या फायलींतून आला. बांधकाम कंत्राटात नेहमीचा वाद असतो: अभियंत्याने पाठवलेलं पत्र हे आधीच्या अटीचं स्पष्टीकरण की नवी अट? तोच प्रश्न देशांच्या करारांतही येतो. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी ३१ जुलै २००१ला नाफ्टा या आपल्यातल्या व्यापार करारातल्या एका कलमाचा अर्थ काय घ्यायचा हे संयुक्त टिपणाने सांगितलं. गुंतवणूकदारांनी देशांवर घातलेले दावे तेव्हा चालू होते. पोप अँड टॅलबट प्रकरणातल्या लवादाने २००२मध्ये शंका घेतली की हा अर्थ लावणं आहे की गुपचूप केलेली दुरुस्ती. व्हिएन्ना करारविषयक संहितेच्या ३१व्या कलमाप्रमाणे पक्षांचं नंतरचं एकमत अर्थ लावताना विचारात घ्यावंच लागतं. पण खटला चालू असताना प्रतिवादी देशानेच अर्थ ठरवायचा?

नव्या मार्गदर्शकांनी तिला एवढंच विचारलं की हवामानाच्या प्रबंधात तुझं स्वतःचं वाक्य कोणतं असेल. तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या विषयावर ती वीस मिनिटं बोलली. निर्णय झाला.

२१ मे २०२४ला हँबुर्गच्या न्यायाधिकरणाने हवामानावरचं मत जाहीर केलं. प्रबंध द्यायला काही आठवडे उरले होते आणि त्या विषयावर लिहिणाऱ्यांची पळापळ झाली. काहींना मधली प्रकरणं नव्याने लिहावी लागली. तिचा विषय कुणाच्या निकालावर टांगलेला नव्हता. प्रबंधाला आठ मिळाले.

इंटर्नशिपचा पेच

फेब्रुवारीतच आणखी एक पत्र आलं. हेगमधल्या वाद-निवारणाशी संबंधित एका संस्थेने मार्च ते मे अशी तीन महिन्यांची पूर्णवेळ इंटर्नशिप देऊ केली. बिनपगारी. या क्षेत्रात बिनपगारी इंटर्नशिप अजूनही सर्रास चालते आणि त्यामुळे कोण आत येतं आणि कोण येत नाही, यावर जेवढं बोललं जातं त्याच्या तुलनेत बदललंय कमी.

ती घेतली तर प्रबंध पुढच्या सत्रात जाणार. म्हणजे वाढीव फी, परवान्याची मुदतवाढ, कर्जाचा आणखी एक हप्ता. नाकारली तर जिच्यासाठी नेदरलँड्स निवडलं ती संधी गेली. दोन्ही एकदम करायचं तर प्रबंधाचे आठ साडेसहावर आले असते. तिने चौथी गोष्ट केली: संस्थेला लिहिलं की जूनमध्ये प्रबंध देऊन मी मोकळी होते, ऑक्टोबरच्या तुकडीत घ्याल का? आणि सोबत आपल्या लवादाच्या कामाचा एक परिच्छेद जोडला: किती मोठ्या कागदपत्रांतून घटनाक्रम तयार केलेत, कोणत्या प्रकारच्या दाव्यांत. आधीच्या अर्जात तिने मूट कोर्टला दोन परिच्छेद आणि या कामाला एक ओळ दिली होती. होकार आला. तोंडी होता, म्हणून तिने आभाराच्या ईमेलमध्ये तारखा लिहून पाठवल्या आणि दुजोरा मागितला. तोही आला.

पदवीनंतर तिने एका वर्षाचा तो परवाना काढला आणि ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ काम केलं. तिथे तिला मुख्यतः काय दिलं? खोकी. दाव्यातली हजारो पानं, त्यांतून घटनाक्रम.

निकाल

जानेवारीपासून तिने अर्ज लावले. संयुक्त राष्ट्रांतल्या पी-२ दर्जाच्या, म्हणजे सुरुवातीच्या पायरीवरच्या, जागांसाठी पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, दोन्ही होतं. पण जाहिरातींत फ्रेंच एक तर आवश्यक किंवा इष्ट असायची, आणि इष्ट म्हणजे व्यवहारात काय ते शेकडो अर्जांत कळतं. मुलाखतीपर्यंत एकही अर्ज पोहोचला नाही. हेगमधल्या एका फर्मने सहा महिन्यांचं साहाय्यकाचं काम देऊ केलं, पगार जेमतेम राहण्यापुरता. त्याच सुमाराला मायदेशातल्या एका फर्मने विचारलं. ती फर्म गुंतवणूक करारांखालच्या दाव्यांत काम करते आणि तिला असं कुणीतरी हवं होतं ज्याने बांधकामाचे लवादही केलेत आणि करारांचा अर्थ लावण्यावर लिहिलंयही.

एप्रिल २०२५मध्ये ती परतली. म्हणजे चीव्हनिंगची जी अट नको म्हणून तिने लंडन सोडलं, ती अट तिने आपणहून पाळली. हे तिला कुणी हसत सांगितलं की ती चिडते. कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि आणखी काही वर्षं चालतील. काम तिला आवडतं. फौजदारी न्यायालयाचं नाव ती आता काढत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्राध्यापक रजेवर आहेत हे एका ईमेलने कळलं असतं. प्रवेशपत्र आल्यावर आणि होकार कळवण्याआधी अभ्यासक्रमाच्या कार्यालयाला विचारायचं: पुढच्या वर्षी हे विषय कोण शिकवणार, प्रबंधाला मार्गदर्शक कसे मिळतात? उत्तर सहसा मिळतं. या प्रकरणात उत्तर कळूनही निवड बहुधा तीच राहिली असती, पण सप्टेंबरचे दोन हताश आठवडे वाचले असते.

फ्रेंचचं दुखणं मोठं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकृत भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषाही याच दोन. हे तिला मूट कोर्टच्या दिवसांपासून ठाऊक होतं. एलएलएमच्या वर्षात नवी भाषा शिकायला वेळ मिळत नाही, तिने दोन महिने प्रयत्न करून सोडून दिला. ज्याला त्या दिशेने जायचंय त्याने अर्जाच्या दोन वर्षं आधी वर्ग लावावा. वाद-निवारणाच्या फर्ममध्येच जायचं असेल तर फ्रेंचविना चालतं, तिचं चाललंच.

शिष्यवृत्तीच्या अर्जातही मला एक गोष्ट खटकली होती. त्यात तिने नेतृत्वाबद्दल मूट संघाची कहाणी लिहिली. फर्ममध्ये कागदपत्रांच्या छाननीची जी नवी पद्धत तिने बसवली आणि दोन कनिष्ठांना शिकवली, ती आलीच नाही. राखीव यादी आणि मुख्य यादी यांत नेमकं कशाने अंतर पडतं हे बाहेरून ठरवता येत नाही. तरी तोच अर्ज आज लिहायचा तर मी तिला ती कहाणी काढायला लावीन.

अध्यापनाचा रस्ता तिने पूर्ण बंद केलेला नाही. त्यासाठी एक प्रश्न अर्जाआधीच विचारायला हवा होता: एका वर्षाची परदेशी पदव्युत्तर पदवी मायदेशात दोन वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरतात का? अनेक देशांत धरत नाहीत, किंवा वेगळ्या अटी घालतात. तिने हे परतल्यावर विचारलं. उत्तर अजून पूर्ण हातात आलेलं नाही.

आणि तो एका वर्षाचा परवाना. पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत अर्ज करता येत असताना तिने तो लगेच काढला, कारण ऑक्टोबरच्या इंटर्नशिपसाठी राहण्याचा दुसरा आधार नव्हता. बारा महिन्यांतले पहिले तीन बिनपगारी कामात गेले, पुढचे तीन अर्जांत, आणि उरलेले ती परतल्यामुळे वाया गेले. संस्थेकडे इंटर्नच्या निवासाची वेगळी काही सोय होती का, हे तिने विचारलंच नव्हतं. विचारून सोय निघाली असती तर ती आधी परतून दोन वर्षं मोठ्या दाव्यांवर काम करून, मग त्या अनुभवासह हेगमध्ये नोकरी शोधायला येऊ शकली असती. एका शिक्षणावर तो परवाना एकदाच मिळतो. तिचा वापरून झाला.